विजापूर दोन दिवसांत, राजधानी म्हणून बघायचं असेल तर

विजापूरला येणारी बहुतेक मंडळी गोलघुमट बघून परत जातात. सकाळी सोलापुरातून निघायचं, घुमटात चार आरोळ्या ठोकायच्या, इब्राहिम रोज्यापुढे, म्हणजे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या थडग्यापुढे, फोटो काढायचा आणि जेवून बदामीची वाट धरायची. मी सोलापूरची. मावशी विजापुरात जोरापूर पेठेत राहते, म्हणून शाळेत असताना सुट्टी लागली की विजापूर ठरलेलं. आता पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की त्यांना फिरवायचं काम माझ्याकडे येतं आणि मी त्यांना एकच अट घालते: एक रात्र मुक्काम करायचा आणि गोलघुमट दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा.

कारण सांगते. १४९० च्या सुमारास यूसुफ आदिलखानाने इथे सत्ता उभी केली आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने ती संपवली. मधली जवळजवळ दोनशे वर्षं हे राजधानीचं शहर होतं. शहाजीराजांनी १६३६ नंतर ह्याच दरबाराची चाकरी केली, अफझलखान इथूनच निघाला, सिद्दी जौहरही इथलाच सरदार. आपल्या शाळेच्या पुस्तकातलं अर्धं सतरावं शतक ह्या शहराशी बांधलेलं आहे. तरी आपण इथे येऊन फक्त एक थडगं बघतो. राजधानी बघायची तर आधी तिचा मधला भाग बघावा. बादशहा कुठे बसायचा, पाणी कुठून यायचं, तट कुठून कुठे जातो हे कळलं की मग थडगी बघावीत. त्यांचा आकार एवढा का, हे मग कुणी समजावून द्यावं लागत नाही.

कधी आणि कसं यायचं

दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चच्या मध्यापासून इथलं ऊन सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि दगडी फरशीवर अनवाणी चालणं अशक्य होतं. लहान मुलं किंवा वडीलधारी बरोबर असतील तर उन्हाळ्यात येऊच नका. पावसाळ्यात गर्दी कमी असते, पण बुरुजांच्या पायऱ्या निसरड्या होतात.

शनिवार-रविवार हे दोन दिवस चांगले. शुक्रवार टाळा. त्या दिवशी वस्तुसंग्रहालय बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारच्या नमाजाची गर्दी असते, मग निवांत बघणं होत नाही.

सोलापुरातून रस्ता साधारण शंभर किलोमीटरचा, सरळ आणि चांगला. टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं. दोन तासांत पोचता. सांगली-मिरजेकडच्यांनी सोलापूरला यायची गरज नाही, जतवरून थेट यावं. रेल्वेने यायचं तर मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे होसपेटेला जाणारी रात्रीची गाडी आहे, ती सकाळी विजापूरला सोडते. पंढरपूर-म्हैसूर गोलगुंबज एक्स्प्रेसही इथून जाते. आरक्षण करताना स्टेशनचं नाव ‘विजयपुरा’ शोधा, ‘विजापूर’ टाकून काही सापडणार नाही. स्टेशन गोलघुमटाच्या अगदी जवळ आहे. गाडीतून उतरलं की घुमट समोर दिसतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. वळू देऊ नका. बॅगा आधी खोलीवर टाका.

राहायला शहराच्या मध्यभागीच जागा घ्या. गांधी चौक ते एसटी स्टँड ह्या पट्ट्यात साधी आणि मध्यम बरीच लॉज आहेत. कर्नाटक पर्यटन महामंडळाचं ‘मयूर आदिलशाही’ आनंद महाल रस्त्यावर आहे. खोल्या साध्या आहेत, पण जागा अशी की संध्याकाळी पायी बाहेर पडलात तर जुन्या बालेकिल्ल्यातच फिरत असता. हायवेवर नवी चकचकीत हॉटेलं झाली आहेत. गाडी लावायला ती सोयीची, पण तिथे राहून हे शहर कळत नाही.

फिरायला रिक्षा पुरते. अर्ध्या दिवसाचे पैसे आधी ठरवा आणि ठिकाणांची नावं एकेक करून सांगा, नाहीतर ‘सगळं दाखवतो’ म्हणून तीन ठिकाणी नेऊन सोडतात. मराठी बऱ्याच जणांना समजतं आणि दखनी हिंदी सगळ्यांना. तरी ‘एष्टु?’ म्हणजे किती, ‘बेडा’ म्हणजे नको, ‘नीरु’ म्हणजे पाणी एवढं कन्नड बोललात तर समोरचा माणूस खुलतो. माझ्या मावशीचं घर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतं, एकाच वाक्यात. इथे त्याचं कुणाला नवल वाटत नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता.

शनिवार दुपार: आर्क किल्ला

लवकर जेवून निघा आणि आधी आर्क किल्ल्यात या. हा शहराच्या पोटातला गोल बालेकिल्ला. तट बराचसा गेला आहे, खंदकाचे तुकडे उरले आहेत आणि आत सरकारी कचेऱ्या, रस्ते, बागा आहेत. पहिल्यांदा येणाऱ्याला इथे काही ‘बघण्यासारखं’ सापडत नाही. म्हणून मी हात धरून नेल्यासारखं सांगते.

गगन महालापुढे उभे राहा. पहिल्या अली आदिलशहाने तो १५६१ च्या सुमारास बांधला. छत गेलं, लाकडी मजले गेले, उरल्या समोरच्या तीन कमानी. बाजूच्या दोन अरुंद आणि मधली एवढी रुंद की खाली उभं राहिल्यावर नजरेत मावत नाही. साठ फुटांचा गाळा आहे तो. दरबार ह्या कमानीमागे भरायचा आणि समोरच्या मोकळ्या मैदानातल्या लोकांना बादशहा थेट दिसायचा. ह्याच महालात सप्टेंबर १६८६ मध्ये शेवटचा सिकंदर आदिलशहा औरंगजेबापुढे आणला गेला. चांदीच्या बेड्या घालून आणला, असं इथले लोक सांगतात. सिकंदर तेव्हा अठरा वर्षांचा होता. मुलांना हे सांगायचं तर इथेच सांगा, घुमटात सांगून उपयोग नाही.

जवळच सात मंजिल. नावात सात मजले आहेत, उभे पाच आहेत. आत जाता येत नाही, पण बाहेरून भिंतींत पाण्याचे नळ आणि हौदाच्या खुणा दिसतात. वरच्या मजल्यांपर्यंत पाणी चढवलेलं होतं. हा बघितला की विजापूरचा खरा प्रश्न कळतो: ह्या कोरड्या माळावर एवढं शहर प्यायचं काय? उत्तर शहरभर उभं आहे, फक्त लोक त्याच्याकडे बघत नाहीत. रस्त्याच्या कडेला, घरांच्या मध्ये दगडी चौकोनी मनोरे दिसतील. त्यांना गंज म्हणतात. दक्षिणेकडे मुहंमद आदिलशहाने १६५१ मध्ये बेगम तलाव बांधला आणि मातीच्या नळांनी त्याचं पाणी गावात आणलं. वाटेत पाण्याचा दाब वाढून नळ फुटू नयेत म्हणून ठरावीक अंतरावर हे मनोरे. पाणी त्यात वर चढायचं, गाळ खाली बसायचा आणि दाब उतरलेलं पाणी पुढे जायचं. माझ्या आग्रहाने एखादा तरी गंज शोधून त्याच्याशेजारी दोन मिनिटं थांबा. नाव नसलेल्या त्या कारागिरांनी हे शहर जगवलं.

आर्क किल्ल्यातच करीमुद्दीनची मशीद आहे. ती आदिलशाहीच्याही आधीची, १३२० ची. खांब जुन्या देवळांचे आहेत, हे बघताक्षणी कळतं. तिथल्या शिलालेखात बांधणाऱ्या सुताराचं नाव रेवय्या, गाव सालोटगी. सालोटगी आजही ह्याच जिल्ह्यातल्या इंडीजवळ त्याच नावाने नांदतं. इतिहास इथे एका रेषेत चालत नाही, हे त्या खांबांत आणि त्या नावात एकाच वेळी दिसतं आणि दोन्ही गोष्टी तितक्याच खऱ्या आहेत.

खंदकाच्या काठी नरसोबाचं छोटं देऊळ आहे. दत्तसंप्रदायातल्या लोकांना ते ठाऊक असतं, बाकीच्यांना रिक्षावालाही दाखवत नाही. दुसरा इब्राहिम आदिलशहा इथे दर्शनाला यायचा, असं सांगतात. ती आख्यायिका बाजूला ठेवली तरी ह्या इब्राहिमाबद्दल जे लिखित आहे तेच पुरेसं आहे. १५८० ते १६२७ तो राज्यावर होता. ‘किताब-ए-नवरस’ ह्या त्याच्या दखनी गीतांच्या संग्रहात सरस्वती आणि गणपतीची स्तुती आहे, लोक त्याला जगद्गुरू म्हणत, आणि आपल्या लाडक्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव ठेवलं होतं. संगीतासाठी त्याने शहराच्या पश्चिमेला नवरसपूर नावाचं नवं नगर वसवायला घेतलं. तोरवीजवळ त्याचे अवशेष आहेत. दोन दिवसांत तेवढा वेळ मिळत नाही, तिसरा दिवस असेल तर जरूर जा.

बालेकिल्ल्यातून बाहेर पडताना बारा कमान. दुसऱ्या अलीचं हे अपुरं थडगं. अफझलखान प्रतापगडाकडे निघाला तो ह्याच अलीच्या कारकिर्दीत. १६७२ मध्ये अली वारला आणि काम तिथेच थांबलं. उंच चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी, मध्ये कबरी, वर आकाश. गोलघुमटाहून मोठं काहीतरी करायचा बेत होता म्हणतात. मला ह्या जागेचं महत्त्व वेगळं वाटतं. इथे बांधकाम उघडं पडलेलं दिसतं. आधी विटांच्या भरीव कमानी उभारायच्या, त्यांच्या आधाराने दगडी कमान बसवायची आणि मग आतली भर काढून टाकायची. पुरी झालेली इमारत ही युक्ती लपवते.

शनिवार संध्याकाळ: पश्चिमेकडे

आता रिक्षाने पश्चिमेला. आधी उपली बुरूज. हैदरखानाने तो १५८४ मध्ये बांधला. तटापासून आत, एकटाच ऐंशी फूट उभा आहे आणि बाहेरून फिरत जाणाऱ्या पायऱ्यांनी वर चढता येतं. वर लांबलचक तोफा पडून आहेत, पण वर जायचं ते शहर बघायला. पूर्वेला गोलघुमट, पश्चिमेला इब्राहिम रोज्याचे मिनार, मध्ये विखुरलेले घुमट आणि चिंचेची झाडं. साधारण दहा किलोमीटरच्या तटाने हे सगळं वेढलेलं होतं. राजधानी केवढी होती हे फक्त इथून कळतं. पायऱ्यांना बाहेरच्या बाजूने आधार कमी आहे, लहान मुलांचा हात सोडू नका.

तिथून थोड्याच अंतरावर शेर्जा बुरूज आणि त्यावर मुलूख-ए-मैदान. नगरच्या लोकांनी ही तोफ मुद्दाम बघावी, कारण ती अहमदनगरात ओतलेली आहे. १५४९ मध्ये मुहंमद बिन हसन रूमी नावाच्या ओताऱ्याने ती निजामशाहीसाठी केली. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने ती विजापुरात आणली. वजन पंचावन्न टन. इतक्या वजनाची तोफ परांड्याहून बैलांनी, हत्तींनी आणि माणसांनी ओढत आणली, हे मनात ठेवून तिच्याकडे बघा. तोंडाशी वाका. सिंहासारख्या जबड्याच्या सुळ्यांमध्ये हत्ती चिरडलेला कोरला आहे. हत्तीची सोंड आणि पाय नीट दिसतात. पृष्ठभागावर तीन लेख आहेत, त्यांतला एक विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरायला लावला. हाताने थाप दिली तर धातूचा आवाज घंटेसारखा घुमतो. दुपारभर उन्हात राहूनही हाताला ती फारशी भाजत नाही. इंग्रजांच्या काळात, १८५४ मध्ये, तिचा दीडशे रुपयांत लिलाव झाला होता. कुणा अधिकाऱ्याला वेळेवर सुचलं आणि विक्री रद्द झाली, म्हणून आज ती बघायला मिळते.

ताजबावडी वाटेतच आहे. दुसऱ्या इब्राहिमाच्या राणीच्या, ताज सुलतानाच्या नावाने मलिक संदलने ती बांधली. चौकोनी प्रचंड तलावच आहे, तोंडाशी मोठी कमान आणि दोन बाजूंना अष्टकोनी बुरूज. मी लहान असताना ती कचऱ्याने भरलेली असायची. काही वर्षांपूर्वी गाळ काढला आणि पाणी पुन्हा दिसू लागलं. तिथे प्लास्टिकची पिशवी टाकणारा माणूस दिसला तर त्याला जरूर अडवा. मी अडवते.

साडेचारच्या आसपास इब्राहिम रोज्यात शिरा आणि बंद होईपर्यंत बाहेर पडू नका. माझ्या मते विजापुरातली ही सर्वांत सुंदर जागा. गोलघुमट आकाराने थक्क करतो, हा हाताच्या कामाने. एका चौथऱ्यावर पूर्वेला रोजा आणि पश्चिमेला मशीद समोरासमोर, मध्ये हौद. मावळतीचं ऊन रोज्याच्या दर्शनी बाजूवर येतं, म्हणून ही वेळ सांगितली. बांधला ताज सुलतानासाठी, पण इब्राहिम स्वतः आधी वारला आणि इथे त्याच्यासह घरातली माणसं विसावली. शिलालेखात मलिक संदलचं नाव आहे आणि खर्चही नोंदलेला आहे, दीड लाख होन आणि वर नऊशे. इमारतीवर खर्च लिहून ठेवणारा माणूस हिशेबाला पक्का असला पाहिजे.

आत जायची घाई करू नका. बाहेरच्या ओवरीतून रोज्याला एक पूर्ण फेरी घाला. चारही भिंती वेलबुट्टीने आणि अक्षरांनी भरल्या आहेत. खिडक्यांपाशी थांबा. त्यांच्या जाळ्या नक्षीच्या नाहीत, अरबी अक्षरांच्या आहेत. दगडात अक्षर ठेवून भोवतालचा दगड आरपार काढून टाकला आहे, म्हणजे उजेड आत येतो तो कुराणातल्या ओळींच्या फटींतून. एक जाळी दहा मिनिटं बघा. अक्षरं एकमेकांत अशी गुंतवली आहेत की कुठेही दगड लोंबता राहिलेला नाही, प्रत्येक रेघेला दुसऱ्या रेघेचा टेकू आहे. कॅलिग्राफी शिकणाऱ्या भाचीला मी इथे आणलं तेव्हा ती वहीत एकच खिडकी उतरवत बसली आणि बाकीचं काही बघायला तयार होईना. तेच बरोबर होतं.

मग आत. कबरींच्या दालनाचं छत सपाट आहे. चाळीस फुटांच्या चौकोनी खोलीवर मधला मोठा भाग आडवा दगडी, खाली खांब नाही, कमान नाही. दगडांच्या सांध्यांतला चुना आणि कडेने आत वळत आलेला कोपरा, ह्यांच्या जोरावर तो चारशे वर्षं तरंगतो आहे. मान वर करून पाहा आणि मुलांना विचारा, हे पडत का नाही? उत्तर त्यांना लगेच यावं असं नाही.

चपला बाहेर काढाव्या लागतात. पायमोजे जवळ ठेवा.

जेवण

रात्री हॉटेलातल्या पनीरवर वेळ घालवू नका. विजापूर जिल्हा म्हणजे ज्वारीचा जिल्हा. खानावळीत शिरा आणि भाकरी मागा. गरम मऊ हवी असेल तर तसं सांगा, नाहीतर कडक भाकरी येते. पातळ, कुरकुरीत, महिनाभर टिकणारी. दोन्ही मागवा. बरोबर भरल्या वांग्याची भाजी, म्हणजे येण्णेगाई, मोडाची मटकी, झुणका, शेंगाची चटणी, कारळ्याची चटणी आणि दही. माझी मावशी शेंगाच्या चटणीवर घट्ट दही घालून बोटाने मधोमध खड्डा करते आणि त्यात थोडं करडईचं तेल सोडते. खानावळीत तेल मागितलंत तर तेही देतात. सोलापूर-सांगलीच्या माणसाला ही चव घरची वाटेल, पुण्याच्या माणसाला थोडी तिखट. सणावाराला शेंगाहोळगी मिळते, शेंगदाणा-गुळाची पोळी. दिसली तर सोडू नका. संध्याकाळी गांधी चौकाच्या बाजूला मिरची भजी आणि गिरमिट, म्हणजे मसाला लावलेले चुरमुरे.

रविवार सकाळ: गोलघुमट

सहाला दरवाजे उघडतात. तुम्ही सहाला तिथे असलं पाहिजे. सातनंतर शाळांच्या सहली येतात, आणि एकदा का शंभर मुलं वरच्या सज्ज्यात ओरडू लागली की कुजबुज ऐकायची आशा सोडा. लवकर उठायचं एवढं एकच कारण आहे आणि ते पुरेसं आहे.

आत शिरल्यावर लगेच जिन्याकडे पळू नका. मधल्या चौथऱ्याशी उभं राहून वर बघा. मुहंमद आदिलशहाचं हे थडगं १६५६ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, होतं त्या स्थितीत थांबलं. चौथऱ्यावर त्याची, दोन बेगमांची, रंभा नावाच्या त्याच्या प्रिय नर्तकीची, मुलीची आणि नातवाची कबर आहे. खऱ्या कबरी खाली तळघरात. वर घुमट आतून सुमारे अडतीस मीटर रुंद, आणि खाली एकही खांब नाही.

हे कसं उभं आहे ते इथे कळतं. दालन चौकोनी आहे. भिंतींलगतच्या उंच कमानी वर जाताना एकमेकींना छेदतात. खालून बघितलं तर दोन चौकोन एकमेकांवर तिरके ठेवल्यासारखी आठ टोकांची चांदणी दिसते. चौकोनाचा अष्टकोन होतो आणि अष्टकोनावर गोल बसतो. घुमट आपल्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलतो. कमानींचे हे आत झुकलेले भाग आपल्या वजनाने तो रेटा आत ओढतात. दोन्ही जोर एकमेकांना धरून ठेवतात. आणि हे भाग आत आल्यामुळेच घुमटाच्या पायाशी अकरा फुटांचा गोल सज्जा तयार होतो. लोक ज्यासाठी इथे येतात तो बोलका सज्जा हाच.

वर जायला चारही कोपऱ्यांत सात मजली मिनार आहेत, त्यांच्या आत जिने. पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत, काही ठिकाणी एकाच माणसाची वाट. गुडघे दुखणाऱ्यांनी चढू नये, आवाज खालीही घुमतो. चढताना मध्ये प्रत्येक मजल्यावर झरोके आहेत, तिथे दम घ्या. गच्चीवर पोचलात की आधी बाहेर एक फेरी घाला, मग लहान दारातून सज्ज्यात शिरा.

आता महत्त्वाचं. ओरडू नका. ओरडल्यावर सात-आठ, कधी दहा प्रतिध्वनी येतात हे खरं, पण ही जागा हळू बोलण्यासाठी आहे. दोघांनी बरोबर समोरासमोर जायचं. एकाने भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून वीतभर अंतरावर, नुसत्या श्वासाएवढ्या आवाजात बोलायचं. दुसऱ्याने भिंतीला कान लावून थांबायचं. अडतीस मीटर पलीकडून शब्द कानाशी स्पष्ट येतो. आवाज मधून ओलांडून येत नाही, गोल भिंतीला चिकटून सरकत येतो. म्हणून बोलणाऱ्याने भिंत सोडली की सगळं बिघडतं. कागदाचा तुकडा घेऊन जा आणि तो सावकाश फाडा. समोरच्याला तो फाटताना ऐकू येतो, अगदी तंतू तुटल्यासारखा. मुलांना हा प्रयोग फार आवडतो आणि तो केल्यावर ती आपोआप गप्प बसतात.

भिंतीवर नावं कोरलेली दिसतील. बदाम, बाण, तारखा. बऱ्याच मराठी आहेत. मला हे बघवत नाही. आपल्या मुलांच्या हातात खिळा, किल्ली दिसली तर काढून घ्या.

उतरल्यावर समोरच्या नगारखान्यातलं वस्तुसंग्रहालय बघा. १८९२ चं आहे. ते सकाळी उशिरा उघडतं, तोवर बागेत नाश्ता होतो. आदिलशाही काळची शस्त्रं, हस्तलिखितं, गालिचे, चिनी भांडी आणि जुने शिलालेख. अर्धा-पाऊण तास पुरे.

परतीच्या वाटेवर

असर महाल बाहेरून बघून घ्या. मुहंमद आदिलशहाने तो १६४६ मध्ये बांधला, आधी न्यायकचेरी म्हणून. पुढे पैगंबरांचा केस जपून ठेवायला तो वापरला गेला. समोर हौद आणि छताला तोलून धरणारे चार सागवानी खांब. स्त्रियांना आतल्या भागात सोडत नाहीत. मी आजवर बाहेरूनच बघितला आहे. खांब बाहेरूनही दिसतात.

जामा मशीद मात्र आतून बघावी. तालिकोटच्या लढाईनंतर पहिल्या अलीने ती बांधायला घेतली आणि ती कधीच पूर्ण झाली नाही. अवजड घुमटाखालच्या पांढऱ्या कमानींच्या रांगा, जमिनीवर प्रत्येक नमाजीसाठी आखलेले चौकोन, एकूण २,२५०. मेहराबीवरचं, म्हणजे मक्केच्या दिशेच्या कोनाड्यावरचं, सोनेरी काम मुहंमद आदिलशहाच्या काळातलं, त्यापुढे पडदा असतो. नमाज नसेल तेव्हा नम्रपणे विचारलं तर सरकवून दाखवतात. डोकं झाका, पाय झाका. तिथून आर्क किल्ल्याकडे परत येताना मेहतर महालाचं दार लागतं. दोन मिनार आणि दगडी सज्ज्याचे लाकडासारखे बारीक कोरलेले कंस. ते मान वर करून बघितले नाहीत तर चुकतात, रस्ता अरुंद आहे आणि रहदारी खूप.

खरेदीसाठी शास्त्री मार्केटचा भाग. बेदाणे घ्या, जिल्ह्यात द्राक्षाचं पीक मोठं आहे आणि इथे भाव बरा मिळतो. इलकलची इरकल लुगडी आणि गुळेदगुड्डचे खण बघा. ती दोन्ही गावं आता बागलकोट जिल्ह्यात गेली, पण १९९७ पर्यंत विजापूर जिल्ह्यातच होती, आणि पेठेतल्या जुन्या दुकानांत अजून चांगला माल येतो. पदराचा जोड नीट बघून घ्या. खऱ्या इरकलीत पदराचे धागे अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात, तो सांधा उलट बाजूने हाताला लागतो.

साठ कबरींना जायचं का, हा प्रश्न मराठी पाहुणे हमखास विचारतात. अफझलखानाने मोहिमेवर निघण्याआधी आपल्या बायकांना मारलं, अशी कथा त्या जागेला चिकटलेली आहे. एका ओळीत, एका मापाच्या साठांवर कबरी शेताच्या मधोमध आहेत. रस्ता कच्चा, रिक्षावाले कुरकुरतात. लहान मुलं बरोबर असतील तर मी नेत नाही. मोठ्यांनी नवरसपूर-तोरवीच्या फेरीत हे ठिकाण धरावं आणि तिथे मोठ्याने बोलू नये.

दोनच्या आधी जेवून निघालात तर सोलापूर चारपर्यंत, पुणे रात्री नऊ-दहापर्यंत. ज्यांच्याकडे सोमवारचीही रजा आहे त्यांनी सकाळी पूर्वेला कुमठगीला जावं, साधारण वीस किलोमीटर. आदिलशहांची विश्रांतीची जागा, तळ्यातल्या छोट्या महालात भिंतीवरची चित्रं पुसट झालेली पण ओळखू येण्याजोगी आहेत. पोलो खेळणारे घोडेस्वार शोधा. दुपारी परत येऊन बसवन बागेवाडीमार्गे बसवेश्वरांच्या समाधीच्या कूडलसंगमाला जाता येतं, नाहीतर तोरवी आणि नवरसपूर. दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नका. पाणी आणि भाकरी बरोबर घ्या, त्या वाटांवर चांगली खानावळ नाही.